दर हिवाळ्यात कुऱ्हाडीचं पातं हलतं, करवत अडकते: कॅम्पच्या सरपणासाठी हत्यारं कशी निवडायची

डिसेंबर लागला, मुरबाड-शहापूरकडच्या शेतांवर तंबू पडायला लागले, की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कॅम्पवाल्यांकडून ठरावीक तक्रारी येऊ लागतात. गेल्या वर्षी घेतलेल्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर हलतंय. करवत ओंडक्यात निम्म्यावर जाते आणि घट्ट बसते. कुऱ्हाड एकतर लाकडावरून उडते, नाहीतर अशी रुतते की दोघांनी ओढूनही निघत नाही. तासभर घाम गाळून जे जळण तयार होतं तेही नुसता धूर करतं. मग पुढच्या वर्षी आणखी महागाची कुऱ्हाड घेतली जाते आणि त्याच तक्रारी पुन्हा येतात.

यातल्या बहुतेक तक्रारींचा हत्याराच्या किमतीशी काही संबंध नाही. आपण करवतीचं काम कुऱ्हाडीकडून करून घेतो, आणि आपल्याकडचा पावसाळा हत्याराचं काय करतो याकडे लक्ष देत नाही. या दोन गोष्टी सुधारल्या की जुन्या हत्यारांवरही काम भागतं.

लाकडाचे तंतू बुंध्याकडून शेंड्याकडे उभे गेलेले असतात. ते आडवे तोडायला करवत लागते. तंतूंच्या मधून लाकूड उभं फाडायला कुऱ्हाड लागते. कुऱ्हाडीने ओंडका आडवा तोडायचा तर जवळजवळ त्याच्या जाडीइतकी रुंद खाच पाडावी लागते. म्हणजे मूठभर जाडीच्या लाकडासाठी मूठभर लाकडाचे ढलपे उडवायचे आणि प्रत्येक घावाला पाय सांभाळायचे. करवतीला तीच वाट दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेत मिळते. आपल्या सह्याद्रीतल्या थंडीत जी शेकोटी लागते तिचं बहुतेक जळण अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीचं असतं. ते फोडायची गरजच नसते, फक्त हातभर लांबीचे तुकडे करायचे असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी चांगली करवत घ्यावी, कुऱ्हाडीचं नंतर बघावं.

पातं हलतंय

खाडीकाठच्या गावांतला हा जुना रोग. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत बाल्कनीत किंवा माळ्यावर ठेवलेल्या कुऱ्हाडीचा दांडा हवेतली वाफ शोषतो आणि फुगतो. लाकूड जाडीला आणि रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. पात्याच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, त्याला फुगायला जागा नसते. लोखंड हटत नाही, म्हणून लाकडाचे तंतू आतल्या आत चेपले जातात. डिसेंबरात हवा कोरडी झाली की दांडा आकसतो, आणि चेपलेला भाग मूळच्यापेक्षाही बारीक होतो. पातं हलायला लागतं ते यामुळे.

यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी पातं खरंच घट्ट झालेलं असतं. पण हा तोच पावसाळा, एका रात्रीत आटोपलेला. तंतू आणखी चेपतात आणि दुपारपर्यंत उन्हात दांडा वाळला की पातं आधीपेक्षा जास्त हलतं. आणि हे कळतं ते घाव घालताना. एक किलोचं पातं दांड्यावरून सुटून शेकोटीभोवती बसलेल्यांच्या दिशेने जाणं किती वाईट असू शकतं, ते वेगळं सांगायला नको. पातं जराही हलत असेल तर त्या कुऱ्हाडीने एकही घाव घालू नका. उपाय करायला वीस मिनिटं लागतात.

कुऱ्हाड पातं खाली येईल अशी हवेत उभी धरा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. जमिनीवर टेकवायची नाही, हातातच धरायची. पातं जड असल्यामुळे जागेवर राहतं आणि दांडा त्यात खाली सरकत जातो. आठ-दहा ठोक्यांत दांड्याचं टोक नेढ्याबाहेर थोडं जास्त डोकावायला लागेल. मग दांड्याच्या त्या टोकाच्या खाचेत ठोकलेली पाचर बघा. ती सैल असेल तर काढून टाका आणि कोरड्या, कठीण लाकडाची नवी, जरा जाड पाचर करून खाचेत ठोका. बाहेर राहिलेलं टोक अगदी सपाट कापू नका, दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा. ते टोक जरासं पसरतं आणि पात्याला अडवून धरतं. लोखंडी पाचर आधाराला म्हणून चालते, पण लाकडी पाचरीच्या जागी नाही. खिळे ठोकून काम भागवायचा मोह टाळा, कारण खिळ्याने दांड्याला तडा जातो आणि पुढच्या वेळी अख्खा दांडाच बदलावा लागतो.

त्यानंतर जवसाचं तेल. दांड्याला पातळ हात द्या, मुरू द्या, जास्तीचं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. नेढ्यातून वर डोकावणाऱ्या टोकाला सगळ्यात जास्त तेल पाजा, कारण उभ्या तंतूंची तोंडं तिथे उघडी असतात आणि ओल तिथूनच आत शिरते. इथे एक धोका नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेटू शकतं. फडकं मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे अजिबात विसरू नये.

दांडाच बदलायचा असेल तर तो फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना बदला. भर पावसाळ्यात बसवलेला दांडा डिसेंबरात हमखास सैल होतो. लाकूड धामणीचं मिळालं तर सोनं, नाहीतर बाभूळ. दांडा घेताना टोकाकडून बघा: लाकडाच्या रेषा पात्याच्या धारेला समांतर उभ्या दिसायला हव्यात. बाजूने बघताना रेषा मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. फायबरचा दांडा ओलीने फुगत नाही, त्यामुळे वर्षातून दोनदा हत्यार बाहेर काढणाऱ्याला तो सोयीचा वाटेल. माझी पसंती लाकडालाच आहे, कारण फायबर तुटला तर रानात त्याचं काही करता येत नाही. लाकडी दांडा जवळच्या पाड्यावरचं कोणीही तासाभरात बसवून देतं.

पात्याच्या गंजाचं कारणही हीच हवा. चामड्याचं म्यान दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात हत्यार त्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. पात्याला शिवणयंत्राचं तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि भिंतीपासून दूर, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. जून ते ऑक्टोबर ते तिथेच राहू दे.

करवत निम्म्यावर अडकते

आधी ओंडका कसा ठेवलाय ते बघा. करवतीला दोष देण्याआधी दहातले बरेच प्रसंग इथेच सुटतात. ओंडक्याची दोन्ही टोकं दगडांवर टेकलेली आणि आपण मधोमध कापतोय, असं असेल तर चीर जसजशी खोल जाते तसतसा ओंडका मध्ये खचतो, चिरेचं तोंड मिटतं आणि पातं चिमटीत सापडतं. ओंडका आधारावर ठेवून कापायचं टोक आधाराच्या बाहेर लटकतं ठेवा. मग प्रत्येक ओढीला चीर उघडत जाते आणि शेवटी तुकडा स्वतःच्या वजनाने पडतो. दोन्हीकडे आधार असलेला, हलवता न येणारा जड ओंडका असेल तर वरून एक तृतीयांश कापा आणि उरलेलं खालून वर कापत आणा. अडकलेली करवत उपसताना पातं पिळू नका. ओंडका उचलून चीर उघडा किंवा चिरेत वरून एक लाकडी पाचर सारा, करवत सहज सुटते.

ठेवण बरोबर असूनही अडकत असेल तर करवत चुकीची आहे. घराघरात असते ती सुताराची हात करवत. तिचे दात बारीक आणि जवळजवळ असतात, कारण ती वाळलेल्या फळ्यांसाठी बनवलेली आहे. ओल्या फांदीचा भुसा लोचट असतो. तो त्या बारीक दातांत भरतो आणि बाहेर पडत नाही. शिवाय करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे झुकवलेले असतात, म्हणजे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते. सुताराच्या करवतीत हा झुकाव कमी असतो. ओलं लाकूड कापलं की चिरेच्या भिंती फुगून पात्याला धरतात. कॅम्पला मोठ्या दातांची, फांद्या कापायचीच करवत लागते.

कमानीच्या करवतीची, म्हणजे धातूच्या कमानीत पातं ताणून बसवलेल्या करवतीची, पाती दोन प्रकारची मिळतात आणि दुकानदार सहसा हे सांगत नाही. एका पात्यावर सगळे दात सारखे त्रिकोणी असतात. ते वाळलेल्या, कठीण लाकडासाठी. दुसऱ्यावर चार-पाच कापणाऱ्या दातांनंतर एक खोल खाच आणि तिच्यात भुसा खरवडून बाहेर काढणारा वेगळा दात असतो. ते ओल्या लाकडासाठी. आपल्याकडे वखारीतून आणलेलं जळण बाहेरून सुकं आणि आतून ओलसर असतं. एकच पातं घ्यायचं तर माझ्या मते दुसऱ्या प्रकारचं घ्यावं. वाळलेल्या बाभळीवर ते थोडं खडखडतं पण अडत नाही. पहिल्या प्रकारचं पातं ओल्या लाकडात मात्र अडतंच.

लांबीचा हिशेब सोपा आहे. पात्याची लांबी ओंडक्याच्या जाडीच्या किमान दुप्पट हवी. पातं वीस सेंटिमीटरचं आणि ओंडका पंधराचा असेल तर प्रत्येक ओढीत करवत जेमतेम पाच सेंटिमीटर सरकते, भुसा चिरेच्या बाहेर पडतच नाही आणि दात भुशावरच घासत राहतात. वीस सेंटिमीटरच्या मिटत्या, म्हणजे पातं दांड्यात दुमडणाऱ्या, करवतीने मनगटाएवढं लाकूड मजेत कापता येतं, त्यापुढे जाऊ नये. मांडीएवढे ओंडके असतील तर २१ किंवा २४ इंची कमानीची करवत हवी. कमान आणि पातं यांच्यामधली जागाही बघा. त्रिकोणी कमान हलकी आणि भरायला सोपी, पण एका टोकाला ओंडका तिच्यात मावत नाही.

मिटत्या करवतीत आणखी एक गोष्ट आडवी येते. जपानी घडणीच्या करवती फक्त ओढताना कापतात. आपल्या हाताला सुताराच्या करवतीची, ढकलताना जोर लावायची सवय असते. तसा जोर लावला की पातळ पातं वाकतं, कधी मोडतंही. ओढताना जोर, परत नेताना हात सैल. या सवयीला अर्धा तास लागतो. त्या करवतींचे दात विशेष कडक केलेले असतात, त्यांना कानस लागत नाही. बोथट झाल्या की पातंच बदलायचं. म्हणून अशी करवत घेताना सुटं पातं मिळतं का, हे दुकानातच विचारा.

करवत सरळ न जाता एका बाजूला वळत असेल तर दुसऱ्या बाजूचे दात बोथट झालेत. बहुतेक वेळा खिळा किंवा दगड लागलेला असतो. कमानीची करवत वळत असेल तर आधी पात्याचा ताण तपासा. पातं बोटाने छेडलं की खणखणीत वाजायला हवं. पात्यावर चीक साठला असेल तर रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा आणि वर मेणबत्ती घासा. आंब्याचं ओलं लाकूड कापताना मेणबत्तीचा फरक हाताला लगेच जाणवतो.

तारेच्या गुंडाळत्या करवती ‘सर्व्हायव्हल’ म्हणून विकल्या जातात, त्या घेऊ नका. तार एका ठिकाणी दुमडली की तिथेच तुटते. बॅटरीवरच्या छोट्या चेनसॉ हल्ली बऱ्याच दिसतात. शेतघरी, डोळ्यांना चष्मा लावून, दिवसाउजेडी ठीक आहेत. तंबूजवळ, मुलं फिरत असताना अजिबात नको. साखळीचं टोक कशाला अडलं तर अख्खं यंत्र उलटं आपल्याकडे उसळतं.

कुऱ्हाड रुतते, नाहीतर उडते

रुतते ती बहुधा पातळ पात्याची कुऱ्हाड असते. पातळ, लांब उताराचं पातं फांद्या छाटायला आणि नरम लाकडाला उत्तम. पण ते तंतूंना बाजूला रेटत नाही, नुसतं आत शिरतं. फोडायच्या कुऱ्हाडीचं पातं धारेपाशी बारीक आणि पाठीकडे झपाट्याने जाड होत गेलेलं हवं, पाचरीसारखं. उडते ती बोथट किंवा फार जाड धारेची. परदेशी पुस्तकांतली आणि व्हिडिओंतली कुऱ्हाड स्प्रूस, पाइन, बर्चसारख्या सरळ रेषांच्या लाकडांवर चाललेली असते. आपल्याकडे बाभूळ, ऐन, धावडा, सुरू अशी कठीण लाकडं आहेत. निलगिरीच्या रेषा बरेचदा पिळलेल्या असतात. तिकडची वस्तऱ्यासारखी धार इथे वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर घातली की तिचे कपचे उडतात. धार तीक्ष्ण ठेवा, पण तिच्यामागे थोडं मांस राहू द्या.

घाव ओंडक्याच्या मधोमध नको, कडेला घालावा. ओंडक्याच्या तोंडावर आधीच वाळून पडलेल्या तडा दिसतात, त्यातली सगळ्यात लांब तड निवडा आणि जवळच्या कडेवर तिच्या रेषेत घाव घाला. मोठा ओंडका असा कडेकडेने, थर काढत फोडतात. गाठ असेल तर ती खालच्या बाजूला येईल असा ओंडका उभा करा. गाठीतून फोडायचा हट्ट धरू नका. तो ओंडका तसाच शेकोटीत रात्रभर ठेवायला कामी येतो.

रुतलेली कुऱ्हाड डावी-उजवीकडे हलवली की दांडा नेढ्यापाशी मोडतो. दांड्याचं टोक हाताने खाली-वर दाबा किंवा टोकावर तळहाताने ठोका, पातं सुटतं. कुऱ्हाडीच्या पाठीवर हातोडा किंवा दुसरी कुऱ्हाड मारू नका. पोलादावर पोलाद आपटलं की कपची उडून डोळ्यात जाऊ शकते, आणि नेढं वेडंवाकडं झालं की त्यात कुठलाच दांडा नीट बसत नाही.

छोटी कुऱ्हाड सुरक्षित असते हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर सहसा पुढ्यात जमिनीत जाते. पस्तीस-चाळीस सेंटिमीटरच्या हातकुऱ्हाडीचा घाव चुकला तर तो फिरून थेट नडगीवर किंवा गुडघ्यावर येतो. हातकुऱ्हाड वापरताना गुडघ्यांवर बसा आणि ओंडका समोर ठोकळ्यावर ठेवा. मग चुकलेला घाव ठोकळ्यात किंवा मातीत जातो. बारीक ढलप्या करायच्या असतील तर लाकूड हाताने धरून त्यावर घाव घालायचा नाहीच. धार लाकडाच्या टोकावर टेकवा, लाकूड आणि कुऱ्हाड दोन्ही एकत्र उचला आणि एकत्रच ठोकळ्यावर आपटा. दोन आपटण्यांत लाकूड फाटतं आणि बोटं धारेच्या वाटेत येतच नाहीत.

गाडीने शेतावर जाणार असाल तर पंक्चरवाल्याकडून एक जुना टायर मागून घ्या. टायर ठोकळ्यावर ठेवा, त्यात ओंडका किंवा चार-पाच तुकडे एकदम उभे करा आणि फोडा. ओंडका कलंडत नाही, फाटलेले तुकडे उडत नाहीत, आणि ओंडका उभा धरायला कोणी हात पुढे करत नाही. कुऱ्हाडीच्या बऱ्याच जखमा धरणाऱ्याच्या हाताला होतात, म्हणून या टायरचं मला फार मोल वाटतं.

आणि आपला कोयता. ठाणे, रायगडच्या पाड्यांवर ठाकूर-कातकरी बायाबापे सगळं सरपण कोयत्यावर करतात. मनगटापर्यंतचं लाकूड फाडायला कोयत्याला तोड नाही. धार लाकडाच्या टोकावर ठेवायची आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकायचं. लोखंडी हातोड्याने मात्र नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते, ती गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे शेतीची अवजारंही मिळतात. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाचा कोयता किंवा कुऱ्हाड मिळाली तर बरोबर एक कानस न्या आणि धारेवर हलकेच फिरवून बघा. कानस नुसती घसरली तर धार फार कडक आहे, कपचे उडतील. लोण्यासारखी खात गेली तर धार टिकणार नाही. किंचित धरत, कुरकुरत चालली तर घ्या.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कॅम्पवर पोचेपर्यंत बहुतेकांना पाच वाजतात. तंबू लावण्याआधी लाकूड फोडून घ्या. अंधार पडल्यावर हेडलॅम्पच्या उजेडात खोलीचा अंदाज चुकतो, कुऱ्हाड म्यानातच राहू द्या. लागलंच तर करवत वापरा. जाड पट्ट्या, निर्जंतुक कापूस जवळ हवेतच. खोल जखम झाली तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, दाब सोडून पुन्हा पुन्हा बघू नका, आणि १०८ ला फोन करा.

सगळं करूनही नुसता धूर

मग लाकूडच चुकीचं आहे. पावसाळ्यात पडलेल्या किंवा छाटलेल्या फांद्या डिसेंबरपर्यंत आतून वाळत नाहीत. बाहेरून कोरडा दिसणारा मनगटापेक्षा जाड तुकडा फोडून आतला भाग गालाला लावून बघा. गार लागला तर ओल आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर वाळलेलं लाकूड खणकन वाजतं, ओलं बद्द. फोडण्याचा खरा फायदा इथे आहे: अवकाळी पाऊस किंवा दव पडलं तरी जाड लाकडाचा गाभा कोरडा असतो, आणि फोडलेल्या कडा लवकर पेट घेतात.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वखारीतून किंवा ज्याच्या शेतावर राहणार त्याच्याकडून वाळलेलं जळण विकत घेणं. जंगलातलं उचलू नका. येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. कर्नाळा, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत. राखीव वनात आग लावणं आणि लाकूड नेणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे, आणि राष्ट्रीय उद्यानं-अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा लागू आहे. शिवाय पाड्याजवळची पडलेली काटकी आधीच कोणाच्या तरी चुलीसाठी असते. डोक्यावर मोळी घेऊन चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या बाईच्या वाटणीचं लाकूड आपण एका रात्रीच्या शेकोटीत घालू नये.

नवी मुंबईकरांना एक वेगळी सोय आहे. तुर्भे, तळोजा, उरणच्या पट्ट्यात न्हावाशेवा बंदरातून आलेल्या मालाची पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, भंगारवाल्याकडे मिळतात. हे लाकूड बहुधा पाइनसारखं नरम आणि वाळलेलं असतं, चेतवणीला उत्तम. पण पॅलेटवरचा शिक्का वाचल्याशिवाय घेऊ नका. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी दिलेली आहे, ते जाळू नका. रंगवलेलं, तेलाचे डाग पडलेलं लाकूड आणि प्लायवूडही नको. खिळे आधी उपटून काढा, एका खिळ्याने नव्या करवतीची एक बाजू जाते. रस्त्याच्या दुभाजकावरच्या छाटलेल्या कण्हेरीच्या काठ्या तर उचलूच नका. कण्हेर विषारी आहे आणि तिचा धूरही.

मग घ्यायचं काय?

पाठीवर सामान घेऊन चालत जाणाऱ्यांना आणि एका रात्रीच्या शेकोटीसाठी वीस-पंचवीस सेंटिमीटरची मिटती करवत आणि एक कोयता पुरे. कुऱ्हाड घरी राहू द्या. गाडीने शेतावर जाणाऱ्या कुटुंबाला २१ इंची कमानीची करवत आणि साठ-पासष्ट सेंटिमीटर दांड्याची, आठशे ग्रॅम ते एक किलो पात्याची कुऱ्हाड. याच लांबीची कुऱ्हाड मी सुचवते, कारण ती उभ्याने दोन हातांनी आणि गुडघ्यांवर बसून, दोन्ही प्रकारे वापरता येते. अडीच-तीन किलोचा घण-कुऱ्हाडा फक्त शेतघरी कायमचा ठेवायचा असेल तरच.

जानेवारीत हिमाचलकडे बर्फात तंबू टाकणाऱ्यांचे प्रश्न जरा वेगळे आहेत. कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ होतं आणि गोठलेल्या लाकडाची गाठ दगडासारखी लागते. पहिल्या घावाआधी पातं जाकिटाच्या आत किंवा हातमोज्यांत धरून थोडं कोमट करा. शेकोटीजवळ धरायचं तर हाताला सोसेल इतकंच, जास्त तापवलं तर धारेचं पाणी उतरतं, म्हणजे तिचा कडकपणा जातो. पण ओलं लाकूड गोठलं की सरळ रेषेत पटकन फाटतं, म्हणून फोडायचं काम सकाळच्या थंडीतच उरका. करवतीचं पातं अशा थंडीत अजिबात वाकवू नका. बर्फात ठेवलेलं हत्यार दिसेनासं होतं, दांड्याला लाल किंवा केशरी फीत बांधा. भिजलेल्या लोकरी हातमोज्यातून दांडा निसटतो, कुऱ्हाडीसाठी चामड्याचे तळवे असलेले हातमोजे वेगळे ठेवा.

लाकूड तिथे यजमानाकडून विकतच घ्या. तिथल्या घरांनी ते अख्ख्या हिवाळ्यासाठी उन्हाळ्यापासून साठवलेलं असतं, त्यामुळे भाव ऐकून घासाघीस करू नका. उत्तराखंडात बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, तंबू टाकण्यावर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्बंध घातले आहेत, तेव्हा मुक्काम कुठे आणि शेकोटीला परवानगी आहे का, हे निघण्याआधीच विचारून घ्या. विमानाने जाताना कुऱ्हाड, करवत, कोयता काहीही केबिनच्या बॅगेत चालत नाही. धारेवर जाड पुठ्ठा दोरीने बांधून चेक-इन बॅगेत ठेवा, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापणार नाही.